भानुदास-एकनाथ : एका घरातल्या अनेक वाटा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. या अंकात एखाद्या संताचं चरित्र असावं असं ठरलं, तेव्हा आम्ही पैठणच्या नाथमहाराजांचं नाव घेतलं. नाथांचं चरित्र आपल्याला नवं नाही. कावडीतलं गंगाजल गाढवाला पाजलेलं, अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत केलेली स्नानं, श्रीखंड्यानं घरी वाहिलेलं पाणी, हे सारं आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महिपतीबोवा ताहराबादकरांनी भक्तविजय आणि भक्तलीलामृत या ग्रंथांत या कथा लिहून ठेवल्या आणि गावोगावच्या पारायणांतून त्या घरोघरी गेल्या. त्या सगळ्या इथं पुन्हा सांगत बसत नाही. आम्हाला नाथांच्या चरित्राची एकच बाजू वाचकांपुढं ठेवायची आहे. नाथांच्या एका घरात देवाकडं जाणाऱ्या किती वाटा होत्या आणि त्या घराचं घरपण नाथांनी कसं राखलं, ही ती बाजू. शंभर वर्षं एकत्र चालणाऱ्या दिंडीला याहून कामाचा विषय दुसरा नाही, असं आम्हाला वाटतं.

आधी कूळ पाहू. नाथांचे पणजोबा भानुदास महाराज. हे घराणं पैठणचं, देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांचं. भानुदास लहान असताना रागावून घरातून निघाले आणि एका जुन्या देवळात लपून सूर्याची उपासना करत राहिले, अशी कथा आहे. सूर्यनारायण प्रसन्न झाला म्हणून ते भानुदास. पुढं हेच भानुदास पंढरीचे वारकरी झाले. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली होती, ती त्यांनी परत आणली, असं संप्रदाय मानतो. म्हणून तर पैठणच्या पालखीबरोबर चालताना भानुदास-एकनाथ असा गजर होतो. आता गंमत पाहा. ज्याच्या नावावर विठोबा पंढरीला परत आला, त्याच्या नावातच सूर्य आहे. त्यांच्या मुलाचं नाव चक्रपाणी आणि नातवाचं सूर्यनारायण. विठ्ठल घरात आला म्हणून आधीच्या देवाला कुणी बाहेर काढलं नाही.

या सूर्यनारायणांचे पुत्र ते एकनाथ. आईचं नाव रुक्मिणी. आईवडील दोघंही फार लवकर गेले. पोराला आजोबा चक्रपाणींनी आणि आजीनं वाढवलं. पोर हुशार होतं, एकटं बसायचं, देवाचं ध्यान करायचं, मोठ्यांना अडचणीचे प्रश्न विचारायचं. बाराएक वर्षांचा हा मुलगा गुरूच्या ओढीनं एका रात्री घर सोडून निघाला आणि चालत देवगिरीला पोचला.

देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, जनार्दनस्वामी होते. मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीच्या चाकरीत किल्लेदार. एका हातात किल्ल्याचा कारभार, मनात दत्तात्रेयांची उपासना. धनी मुसलमान, आणि गुरुवारी दत्ताची पूजा होते म्हणून त्या दिवशी कचेरीचं काम बंद असायचं, असं सांगतात. विठ्ठलभक्ताच्या घरातल्या पोरानं जाऊन पाय धरले ते दत्तभक्ताचे. त्याला कुळाच्या देवाचा अभिमान आडवा आला नाही आणि स्वामींनीही त्याला विठ्ठल विसरायला सांगितलं नाही. सहा वर्षं एकनाथांनी गुरुसेवा केली. हिशेबातली एक दिडकी सापडेना म्हणून रात्रभर दिव्याखाली चोपडी धरून बसलेले आणि ती सापडताच आनंदानं टाळी पिटणारे नाथ आपल्याला ठाऊक आहेत. एवढ्याशा चुकीपाठी ज्याचं मन असं लागतं, त्याचं देवापाठी लागलं तर काय होईल, हे स्वामींनी त्या रात्री ओळखलं.

याच काळातली मलंगाची कथा आहे. स्वामींनी दत्तदर्शन घडवण्यासाठी एकनाथांना रानात नेलं. समोर आला तो मलंग, फकिराच्या वेशातला. अंगावर नको ते कातडं, बोली यावनी, बरोबर कुत्री. स्वामी त्याच्याबरोबर एका पात्रात जेवायला बसले. एकनाथ बिचकले. ब्राह्मणाच्या घरचा मुलगा तो, बिचकणारच. ते पुढं झाले नाहीत. मागाहून त्यांना कळलं की तो मलंग म्हणजेच दत्तगुरू. देव ओळखीच्या वेशात येईल असं धरून बसलेल्या माणसाची देवाशी चुकामूक होते, हा धडा नाथांना गुरूच्या घरीच मिळाला. पुढं आयुष्यभर त्यांनी तो विसरला नाही. कुणाचा वेश, बोली, जात पाहून त्यांनी दार लावलं नाही, त्याचं मूळ इथं आहे.

आणखी एक नाव इथं घ्यायला हवं. जनार्दनस्वामींच्या गुरुपरंपरेत चांद बोधले यांचं नाव येतं. दौलताबादेतलं त्यांचं स्थान दर्ग्याच्या रूपात आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, योगसंग्राम लिहिणारे, तेही याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणून ओळखले जातात. म्हणजे विठ्ठलाच्या घरातले नाथ, दत्ताचे उपासक जनार्दनस्वामी, सुफी वळणाचे चांद बोधले आणि मुसलमान घरात जन्मून मराठीत ओव्या लिहिणारे शेख महंमद ही सगळी एकाच वेलीची फुलं. ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना कधी अवघड वाटली नाही. आपल्या भागातही पिराच्या उरुसाला नारळ देणारे आणि एकादशी धरणारे लोक एकच असत.

गुरूच्या आज्ञेनं नाथांनी शूलिभंजनच्या डोंगरावर तप केलं. मग तीर्थयात्रा झाली. त्र्यंबकेश्वरी गुरूच्या सांगण्यावरून चतुःश्लोकी भागवतावर मराठीत ओव्या लिहिल्या. फिरून पैठणला आले, तेव्हा म्हाताऱ्या आजोबांनी जनार्दनस्वामींचं पत्र पुढं केलं. पत्र मिळेल तिथंच राहावं आणि संसार करावा, अशी आज्ञा होती. नाथ तिथंच थांबले. गिरिजाबाईंशी लग्न झालं. मुली झाल्या, हरी नावाचा मुलगा झाला. बैराग्याचा मार्ग मोकळा असताना गुरूनं त्यांना गृहस्थ केलं, यातही अर्थ आहे. रानात एकट्यानं राहून सगळ्यांवर प्रेम करणं सोपं. चार माणसांच्या घरात, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, श्रद्धा वेगळी, तिथं प्रेम टिकवणं हीच खरी परीक्षा.

नाथांचं घर कसं होतं? पहाटे गोदावरीचं स्नान, पूजा, ग्रंथवाचन, दुपारी आल्यागेल्याला अन्न, सायंकाळी पुराण, रात्री कीर्तन. गिरिजाबाईंची चूल म्हणे विझतच नसे. उद्धव नावाचा सेवक घरच्यासारखा होता. आणि तो गावबा! पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा पोरगा म्हणून त्याच्या आईनं त्याला नाथांच्या घरी आणून सोडला. गिरिजाबाईंनी त्याला रोज पुरणपोळी घातली. नाथांनी त्याला मंत्र द्यायचं मनात आणलं, तर याच्या तोंडून एकनाथ या नावाखेरीज दुसरं नावच निघेना. ना राम, ना कृष्ण, ना विठ्ठल. दुसरा एखादा गुरू रागावला असता. नाथांनी त्याची ती एकच अक्षरमाळ मान्य केली. आणि संप्रदायाची कथा अशी की भावार्थरामायण लिहिता लिहिता, युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी नाथ थांबले, तेव्हा पुढचं रामायण याच गावबानं पुरं केलं. ज्याला रामाचं नाव घेता येत नव्हतं, त्यानं रामाची कथा शेवटाला नेली! कुणाची वाट कुठं पोचेल हे आरंभी बघून सांगता येत नाही, एवढं तरी यातून आपण घ्यावं.

आता भारुडांकडं वळू. पैठण हे तीर्थ, बाजाराचं गाव. घाटावर, वेशीत, बाजारात रोज शंभर तऱ्हेची माणसं. पहाटे वासुदेव, दारावर जोगवा मागणारी अंबाबाईची भक्तीण, खंडोबाचे वाघ्या-मुरळी, भवानीचा भुत्या, गोंधळी, पोतराज, जोशी, फकीर, जोहार घालणारा महार. प्रत्येकाचा देव वेगळा, वाद्य वेगळं, मागायची रीत वेगळी. विद्वानांच्या लेखी ही सगळी अडाणी भक्ती. नाथांनी काय केलं, तर या प्रत्येकाचं सोंग आपल्या अंगावर घेतलं. जोगवा मागणारीच्या तोंडून बोलले, वाघ्याच्या तोंडून बोलले, गोंधळ्याच्या संबळावर बोलले. त्यांची तीनशेच्या आसपास भारुडं आज मिळतात. खंडोबाच्या माणसाला त्यांनी विठोबाच्या माणसाची भाषा शिकवायला बसवलं नाही. त्याचीच भाषा, त्याचीच दिवटी, त्याचाच भंडारा घेतला आणि त्यातूनच आत्मज्ञानाकडं बोट दाखवलं. गावातली बाई ते ऐकून हसली, डोलली, आणि घरी जाताना काहीतरी घेऊन गेली. आजही आपल्या मुक्कामावर रात्री भारूड लागलं की पेंगणारी मंडळी उठून बसतात, ती काय उगाच?

पण एक सांगायला हवं. नाथ सगळ्याच गोष्टींना मान डोलवत होते असं कुणी समजू नये. देवाच्या नावावर नवसाचा धंदा मांडणारे, अंगात आल्याचं सोंग करून भोळ्यांना लुबाडणारे, भगवी घालून पोट भरणारे, शिष्याला नाडणारे गुरू, यांना त्यांनी भारुडांतून असं सोललं आहे की ऐकणाऱ्याला आपल्या गावातली माणसं आठवावीत. मुकी जनावरं देवापुढं मारण्याचीही त्यांना चीड होती. दुसऱ्याच्या श्रद्धेला मान, पण ढोंगाला आणि क्रौर्याला नाही, अशी त्यांची रेघ स्पष्ट होती. हिंदु-तुर्क संवाद नावाचं त्यांचं एक प्रकरण आहे. त्यात हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या धर्मातली वैगुण्यं मुळीच भीड न ठेवता काढतात. चांगलं भांडण होतं. शेवटी दोघांनाही कळतं की देव काही दोन नाहीत, आणि दोघं एकमेकांना भेटतात. नाथांनी भांडण लपवून ठेवलं नाही. भांडण पुरतं बोलून झालं की मगच समेट टिकतो, हे त्यांना माहीत होतं. निजामशाहीच्या मुलखात राहून हे लिहिलं, हेही ध्यानात घ्यावं.

या वागण्याची किंमत मोजावी लागलीच. श्राद्धाच्या दिवशी वाड्यात ब्राह्मणांसाठी स्वयंपाक चालला होता. रस्त्यानं जाणाऱ्या महार कुटुंबातल्या पोरांना त्या अन्नाचा वास आला. पोरं भुकेली होती. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांनाच वाढलं. घर पुन्हा सारवून दुसरा स्वयंपाक केला, पण निमंत्रित ब्राह्मण जेवायला आले नाहीत. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, अशी कथा आहे. पुढं राण्या महार आणि त्याची बायको ही भाविक जोडी नाथांचं कीर्तन दूर उभं राहून ऐकत असे. त्यांनी नाथांना जेवायला बोलावलं आणि नाथ गेले. साऱ्या पैठणात गहजब झाला. बहिष्काराची भाषा झाली. नाथांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, पण जेवायला जाणंही सोडलं नाही.

काशीतही तोच अनुभव. भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी मराठी टीका लिहायला घेतली. पहिले अध्याय पैठणात झाले, पुढचे काशीत. संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात आणतो म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारला. शेवटी ग्रंथ ऐकून तेच निवळले आणि ग्रंथाची मिरवणूक काढली, असं चरित्रकार सांगतात. शके १४९५, म्हणजे इ.स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला एकनाथी भागवत पुरं झालं. एकतीस अध्यायांचा हा ग्रंथ ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या गाथेच्या जोडीला आपण प्रस्थानत्रयीत मानतो.

बाहेरच्यांचा विरोध माणूस एक वेळ सोसतो. घरातला सोसणं अवघड. नाथांचा मुलगा हरी मोठा विद्वान निघाला. हरिपंडित म्हणूनच त्याला ओळखतात. वेदशास्त्र, संस्कृत यांत पारंगत, आचार कडक. त्याला वडिलांचं वागणं पटेना. संस्कृत येत असताना प्राकृतात पुराण कशाला सांगायचं? सगळ्या जातींच्या माणसांना घरात का घ्यायचं? कुणाच्याही घरी अन्न का घ्यायचं? हा मुलगा वाईट नव्हता हो. देव मानत होता, शास्त्र मानत होता, वडिलांहून कडक नेम पाळत होता. फक्त त्याची श्रद्धा दुसऱ्या वळणाची होती. वडिलांच्या रीतीनं घराण्याचा धर्म बुडतो असं त्याला मनापासून वाटत होतं. एक दिवस तो बायकामुलांना घेऊन काशीला निघून गेला.

नाथ तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे महाराज होते. बाप म्हणून, संत म्हणून, ते गप्प बसू शकले असते. मुलगा चुकतोय, आज ना उद्या येईल, असं म्हणता आलं असतं. ते म्हातारपणी स्वतः काशीला गेले आणि मुलाला घरी चलायची विनंती केली. हरिपंडितानं दोन अटी घातल्या. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगायचं नाही, आणि परान्न घ्यायचं नाही. विचार करा, माउली. ज्यानं सारं आयुष्य मराठीत ग्रंथ लिहिण्यात आणि कुणाच्याही दारी प्रेमानं जेवण्यात घालवलं, त्याला मुलानं नेमक्या याच दोन गोष्टी सोडायला सांगितल्या. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

पैठणला आल्यावर हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. नाथ समोर श्रोत्यांत बसत. गावची मंडळी हळूहळू कमी झाली. कळतच नव्हतं तर बसणार कोण? नाथ बोलले नाहीत. मुलाला टोमणा मारला नाही, लोकांना त्याच्याविरुद्ध उठवलं नाही. वाट पाहिली. मग एक म्हातारी आली. तिनं सहस्र ब्राह्मणांना भोजन घालायचा नवस केला होता आणि आता गरिबी आली होती. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातलं तर सहस्रभोजनाचं पुण्य मिळेल असं तिला कुणी सांगितलं होतं. तिनं नाथांना बोलावलं. परान्नाची अट आडवी आली. तेव्हा असं ठरलं की हरिपंडितानं स्वतः तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा आणि वाढायचं. अट मोडली नाही आणि म्हातारीचा शब्दही राहिला. नाथ जेवले. हरिपंडित पत्रावळ उचलायला गेले, तर खाली दुसरी पत्रावळ. ती उचलली, तर तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या, असं कथा सांगते. हरिपंडितांचा अभिमान गळाला. त्यांनी वडिलांचे पाय धरले आणि पूर्वीसारखं मराठीत पुराण सांगण्याची विनवणी केली.

कथेतला चमत्कार ज्यानं त्यानं आपल्या भावानं घ्यावा. आमचं लक्ष वेगळ्या ठिकाणी जातं. पत्रावळी उचलायला वाकलेला तो मुलगा अजून त्या घरात होता, ही मोठी गोष्ट. बापानं अटी मानल्या नसत्या, तर तो काशीतच राहिला असता आणि पत्रावळीची कथा घडलीच नसती. नाथांनी मुलाच्या श्रद्धेला वेळ दिला. आणि त्यांनी सोडलं ते स्वतःचं, म्हणजे आपला मान, आपलं व्यासपीठ, आपल्या आवडीचं जेवण. कुणा भुकेल्याला विन्मुख पाठवायची अट मुलानं घातली नव्हती, आणि घातली असती तर नाथांनी ती मानली असती असं आम्हाला वाटत नाही.

जे सगळ्यांचं आहे त्याबद्दल नाथ किती पक्के होते, हे ज्ञानेश्वरीच्या कामात दिसतं. माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. नाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षं लोटली होती. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते, कुणी कुणी आपल्या ओव्याही घुसडल्या होत्या. माउलींच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आहे, असा नाथांना दृष्टान्त झाला आणि ते आळंदीला गेले, ही कथा आपण जाणतो. त्यानंतर जुन्या पोथ्या ताडून त्यांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि यापुढं कुणी यात स्वतःची ओवी घालू नये, अशी तंबीही लिहून ठेवली. स्वतः एवढे मोठे कवी, पण माउलींच्या ग्रंथात आपली एक ओवीही घातली नाही. ज्याला आपलं म्हणायचं असेल त्यानं आपला ग्रंथ वेगळा लिहावा, पण सर्वांच्या ग्रंथात हात घालू नये. गावबाला कुठलं नाव घ्यायचं याची मोकळीक देणारे नाथ इथं एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नाहीत. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. घराचा खांब पक्का असेल तरच दारं उघडी ठेवता येतात.

आता आपल्याकडं पाहू. आपल्या दिंडीत चालणाऱ्यांची घरं मोजली तर निम्म्यांचा कुळस्वामी खंडोबा किंवा जोतिबा निघेल. कुणाच्या घरी भवानीची परडी आहे. कुणी गुरुवार करतो, अक्कलकोटला जातो, गाणगापूरला जातो. कुणी शेगावची पायी वारी धरतो. कुणी रोज ज्ञानेश्वरी वाचल्याशिवाय पाणी घेत नाही, तर कुणाला अक्षरओळख नाही आणि नुसतं विठ्ठल विठ्ठल म्हणत चालतो. अलीकडं शिकलेली पोरं येतात. त्यांतली काही स्पष्ट सांगतात की चमत्कार आम्हाला पटत नाहीत, पण चालताना मन शांत होतं म्हणून येतो. यावरून मुक्कामावर वाद होतात. गळ्यात माळ नाही त्यानं टाळ धरावा का? दुसऱ्या महाराजांच्या बैठकीला जातो त्याला पंगतीत वाढपी करावं का? ज्याच्या घरी जत्रेला बकरं पडतं, त्याच्या घरचा चहा घ्यावा का? जुनी मंडळी एक बोलतात, तरणी एक बोलतात. कधी कधी रागानं राहुटी वेगळी मांडायची भाषाही होते.

अशा वेळी आम्हाला नाथांचं घर आठवतं. आपल्या दिंडीचे काही खांब आहेत. माळकऱ्यानं मद्यमांस वर्ज्य करावं, एकादशी करावी, वारी चुकवू नये. वीणा माळकऱ्याच्याच गळ्यात असावा. चालीत भजन व्हावं, ग्रंथांचे पाठ शुद्ध असावेत, पंगतीत भेद नसावा, भिशीचा हिशेब चोख असावा. यांत सवलत नको. नाथांनी दिडकीसाठी रात्र जागवली, तर आपण भिशीच्या पैशासाठी जागायला काय हरकत? पण या खांबांच्या आत जो तो आपल्या घरच्या देवाला कसा भजतो, विठोबाला साक्षात पाहतो की आपल्या मनातच पाहतो, ते त्याचं आणि देवाचं. त्यात चोपदारानं काठी आडवी घालू नये. माळ आज नसेल, उद्या येईल. नाही आली तरी तो आपल्या पावलाशेजारी पाऊल टाकतोय, एवढं पुरे. आणि ज्याला आपली रीत पटत नाही म्हणून तो रुसून वेगळा झाला, त्याच्या दारी आपल्यातल्या मोठ्यानं आधी जावं. नाथ काशीपर्यंत गेले. आपल्याला शेजारच्या आळीपर्यंतच जायचं आहे.

नाथांनी शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीच्या काठी देह ठेवला. गुरू जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीचा हाच दिवस. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला यात्रा भरते, वाड्यातला रांजण भरला जातो, अष्टमीला काला होतो. वाळवंटात शेकडो दिंड्या उतरतात. त्यांत विठोबाचे माळकरी असतात, दत्ताचे उपासक असतात, भारुडं करणारे सोंगाडे असतात. सगळ्यांना तिथं आपलंच घर वाटतं.

नाथांच्या नातवानं, मुलीच्या मुलानं, मुक्तेश्वरानं महाभारत मराठीत आणलं. म्हणजे आजोबांची मराठी घरात रुजलीच. आणि हरिपंडितांचं काय झालं? वडिलांची रीत न पटून काशीला गेलेल्या याच मुलानं, नाथांच्या मागं त्यांच्या पादुका घेऊन आषाढी वारीला पंढरपूरला जायचा पाठ सुरू केला, असं पैठणची परंपरा सांगते. आज ज्येष्ठ वद्यात पैठणहून नाथांची पालखी निघते, ती या परंपरेनं. नाथांचा मुलगा वेगळं मानणारा होता, आणि नाथांच्या पादुका पंढरीला पोचवल्या त्या त्यानंच.

यंदा वारीत पैठणची पालखी दिसली, तर हात जोडताना नाथांबरोबर हरिपंडितांनाही एक नमस्कार करावा, ही सर्व वारकरी माउलींच्या चरणी विनंती.

जय हरी.